साडेचार तोळे हवा : नव्या पीसीपी रायफलची बारीक गळती कशी शोधावी

पहिली रायफल घरी आली की आठवड्याच्या आत हा फोन येतोच. "काका, रात्री हवेच्या दाबाचा काटा २०० वर होता, सकाळी १८८. रायफल फुटकी निघाली का हो?" बोलणारी मुलगी तेरा-चौदा वर्षांची, आणि मागून आईचा आवाज येत असतो, परत देता येते का ते विचार आधी. मी एवढंच विचारतो की भरली कधी आणि ठेवली कुठे. बहुतेकदा भरलेली असते दुपारी गच्चीवर, पंपाने घाम गाळत, आणि ठेवलेली असते रात्री पंख्याखाली फरशीवर. म्हणजे गळती असेलही, नसेलही. अजून कुणालाच माहीत नाही.

मी पीथमपूरला कंप्रेसर आणि हायड्रॉलिकच्या देखभालीत बावीस वर्षं काढली. नेमबाजीत माझा स्वतःचा स्कोअर सांगण्यासारखा नाही, पण ओ-रिंग, म्हणजे सांध्यातून हवा गळू न देणारं रबरी कडं, मला कळते. त्यामुळे रविवारी सकाळी इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या ओट्यावर दोन-तीन मुलं आपापले सिलेंडर टॉवेलात गुंडाळून घेऊन बसलेली असतात. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने कांस्य आणलं आणि ही गर्दी वाढली. त्याचा प्रकार ५० मीटरचा, खऱ्या काडतुसाचा. आपल्या मुलांची सुरुवात मात्र १० मीटर एअर रायफलनेच होते, आणि हा लेख त्याच रायफलबद्दल आहे. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, आणि मागे आधीच दाबून भरलेली हवा. त्यालाच पीसीपी (प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक) म्हणतात.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं नाही तर पुढची कुठलीच पायरी कळणार नाही. सिलेंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा असते; बार हे दाबाचं माप. तो रायफलला आट्यांवर फिरवून लावला की त्याच्या तोंडातला वाल्व्ह उघडतो आणि हवा रेग्युलेटरकडे जाते. रेग्युलेटर तो दाब कितीतरी कमी करून एका ठरावीक आकड्यावर आणतो, म्हणून पहिला नेम आणि दीडशेवा नेम सारख्याच वेगाने जातो. चाप ओढला की हातोडी एका छोट्या वाल्व्हवर आपटते, तो क्षणभर उघडतो आणि हवा छऱ्यामागे जाते. सिलेंडर, सांधा, रेग्युलेटर, वाल्व्ह, नळी. हवा गळणार ती या पाचांतच कुठेतरी.

इंटरनेटवरचा सल्ला आणि सुभेदारकाका

मुलं माझ्याकडे येण्याआधी इंटरनेटवर शोधून येतात. तिथे त्यांना हमखास सापडतं ते असं, की नव्या रायफलमध्ये थोडा गॅस लीक झाला तर काळजी करू नका, शे-दोनशे फैरी झाडल्या की आपोआप बंद होतो. सल्ला खोटा नाही, पण तो दुसऱ्याच जातीच्या रायफलबद्दल आहे.

आमच्या गल्लीत महूहून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. निम्मी नोकरी त्यांनी जुन्या ७.६२ एसएलआरबरोबर, म्हणजे सैन्यातल्या सेल्फ-लोडिंग रायफलबरोबर काढली. एका रविवारी ते चहाला आले असताना एक मुलगा हाच सल्ला मला मोबाइलवर वाचून दाखवत होता. काकांनी कप खाली ठेवला. "अरे बाळा, हे सेमी-ऑटोमॅटिकचं आहे. त्यात दारूचा गॅस नळीतून थोडासा चोरून घेतात, त्याने पिस्टन मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, नवी गोळी चढते. आमच्या एसएलआरला तर गॅस रेग्युलेटरच होता. जास्तीचा गॅस तो मुद्दाम बाहेर सोडायचा. गळणं हेच त्याचं काम."

काकांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. गॅसवर चालणाऱ्या रायफलमध्ये गॅस ब्लॉकच्या फटीतून नवेपणी थोडी गळती दिसते, आसपास काळी काजळी धरते आणि तीच काजळी पुढे फट बुजवते. गोळी नीट सुटते आहे, पुंगळी नीट पडते आहे, नवी गोळी चढते आहे, मग त्या गळतीकडे कुणी बघतही नाही. शिवाय तिथे दाब एका क्षणाचा असतो. आपल्या पीसीपीत काजळी नाही, दारू नाही आणि दाब दिवसरात्र तसाच उभा आहे. इथे फट आपोआप बुजत नाही. याला एकच अपवाद आहे, तो पुढे सांगतो.

कायद्याचंही इथेच उरकून घेतो. ४.५ मिलिमीटरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर परवाना लागत नाही; त्यापुढे लागतो. खऱ्या काडतुसाची बंदूक मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते आणि तिची दुरुस्तीदेखील परवानाधारक कारागिरानेच करायची असते. तिला गळती वाटली तर खालचं काहीही तिच्यावर करून बघू नका.

हात लावण्याआधी

रायफल रिकामी आहे ना, छर्रा आत नाही ना, बोल्ट (छर्रा घालायची जागा उघडणारा-मिटणारा दांडा) उघडा आहे ना, नळी भिंतीकडे आहे ना. हे दर वेळी. "मीच तर ठेवली होती" हे कारण चालत नाही.

गळती बोटाने दाबून शोधू नका. २०० बारची बारीक धार कातडीतून आत शिरू शकते, आणि वरून जखम सुईच्या टोकाएवढीच दिसते. कान नळीच्या तोंडाला लावून फुसफुस ऐकणारे महाभाग मी पाहिले आहेत. रायफल रिकामी असली तरी हे नको.

तेल नको. शिलाई मशीनचं नको, खोबरेल नको, गंज सोडवायचा स्प्रे तर अजिबात नको. दाबलेल्या हवेत तेलाची वाफ डिझेल इंजिनासारखी पेटू शकते. चालतं ते शुद्ध सिलिकॉन ग्रीस, आणि तेही नावापुरतं. त्याच कारणाने सिलेंडर कधीही ऑक्सिजनने भरून घेऊ नका. वेल्डिंगवाल्याकडे किंवा दवाखान्याला गॅस पुरवणाऱ्याकडे "हवाच तर आहे" म्हणून भरून देणारा कुणी भेटलाच, तर तिथून सरळ घरी या.

चौथी गोष्ट, सिलेंडर हाताने सुटत नसेल तर पाना लावायचा नाही. हाताने न सुटण्याचं कारण बहुधा आत अडकलेला दाबच असतो.

पायरी पहिली : गळते आहे हे आधी सिद्ध करा

माझ्याकडे "गळते" म्हणून आलेल्या रायफलींपैकी बऱ्याच गळत नव्हत्या. त्यांना थंडी वाजत होती.

बंद सिलेंडरमधल्या हवेचा दाब तापमानाबरोबर खाली-वर होतो. हिशेब सोपा आहे. आपल्याकडच्या तापमानात २०० बारवर दर तीन अंशांमागे साधारण २ बार. हातपंपाने भरताना सिलेंडर चांगला कोमट होतो. समजा ४३ अंशांना २०० दाखवत होता आणि रात्री खोलीत २५ वर आला, तर काटा १८८ वर येणार. एक थेंब हवा न गळता! फोनवरच्या मुलीचा आकडा हाच होता. इंदुरात मे महिन्याच्या दुपारी ४० आणि डिसेंबरच्या पहाटे १० हे काही नवल नाही. एवढ्या फरकात वीस बार इकडचे तिकडे होतात. उलटही लक्षात ठेवा, पहाटेच्या थंडीत काठोकाठ भरलेला सिलेंडर दुपारी स्कूटीच्या डिकीत ठेवला तर दाब मर्यादेच्या वर जातो. म्हणून मी हिवाळ्यात १८० वरच थांबायला सांगतो.

तेव्हा असं करा. हवा सावकाश भरा. हातपंप असेल तर पन्नास-साठ दट्टे मारून पंपाला आणि स्वतःला गार होऊ द्या. भरल्यावर दोन तास घरात एकाच जागी ठेवा. मग वहीत लिहा, तारीख, वेळ, खोलीचं तापमान, काट्याचा आकडा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी, काट्याकडे तशाच सरळ नजरेने बघून पुन्हा लिहा. हे सात दिवस. मधे नेम मारायचे नाहीत. हे मुलांना सगळ्यात जड जातं, पण मारलेच तर किती मारले तेही लिहा.

वही म्हणजे वहीच. मोबाइलमध्ये काढलेले फोटो कुणी पुन्हा उघडून बघत नाही.

पायरी दुसरी : सराफ्यात जा

सिलेंडरवरचा गेज, म्हणजे दाब दाखवणारी तबकडी, रुपयाच्या नाण्याहूनही लहान असतो. त्यावर पाच बारचा फरक नीट वाचता येत नाही, आणि काटा कधीकधी अडकतोही. म्हणून मी वजन करतो. वजनाला थंडी वाजत नाही.

एअर रायफलच्या सिलेंडरची पोटजागा पाव लिटरच्या आसपास किंवा थोडी कमी असते. ०.२ लिटर धरली तर २०० बारला आत सुमारे ४५ ग्रॅम हवा बसते. म्हणजे एक बार जवळजवळ ०.२२ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खाली सांगत नाही, पण सोनाराचा काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. काट्याचा पल्ला मात्र आधी विचारून घ्या. भरलेला सिलेंडर अर्ध्या-पाऊण किलोचा असू शकतो आणि छोटे काटे तेवढं घेत नाहीत.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सराफ्यातल्या आमच्या ओळखीच्या दुकानात शेटजींनी सिलेंडर हातात घेऊन उलटापालटा केला. म्हटलं, याच्या आतली हवा तोलायची आहे. ते हसले नाहीत. एवढंच विचारलं, "किती तोळे असेल?" दहा ग्रॅमचा तोळा धरला तर साडेचार. काट्यावर मऊ कापड अंथरून त्यांनी आकडा स्वतः बिलाच्या पाठीवर लिहून दिला. आठवड्याने पुन्हा गेलो तर तो कागद त्यांनी गल्ल्यातून काढला, मी माझी वही काढण्याआधी. संध्याकाळी लवकर जा. दुकानं मिटून चाटवाल्यांच्या गाड्या लागल्या की तुम्ही हवा तोलायला आला होतात हे तुम्हीच विसराल. हिवाळ्यात तळलेल्या गराडूच्या (कंदाच्या) दिवसांत तर नक्कीच.

वजनाचे तीन नियम. फक्त सिलेंडर न्यायचा, रायफल नाही. दोन्ही वेळा तोच काटा. आणि दोन्ही वेळा सिलेंडर पुसून कोरडा. बोटांचं ग्रीस, आट्यांत अडकलेली धूळ यांनीही शंभरावा भाग हलतो.

पायरी तिसरी : अर्धं-अर्धं करा

आता वजनाच्या मदतीने पाचांतले दोषी दोन गटांत पाडायचे. पहिला आठवडा सिलेंडर रायफलपासून सोडवून ठेवा. सोडवताना शेवटच्या आट्याला "फुस्स" होतं, ते रायफलीच्या बाजूला उरलेल्या हवेचं असतं, त्याला घाबरू नका. मग नळी सुरक्षित दिशेला ठेवून दोन-तीनदा चाप ओढून आत राहिलेली हवाही काढून टाका.

आठवड्याने वजन तेवढंच असेल तर सिलेंडर निर्दोष. पुढचा आठवडा तो रायफलला लावून ठेवा, नेम न मारता, आणि शेवटी सोडवून पुन्हा तोला. सोडवतानाच्या "फुस्स"ला थोडी हवा जातेच. ती किती ते कळायला एकदा लावून लगेच सोडवून वजन बघा आणि तेवढं वजा करा. एवढ्यात कळतं की चोर घरात आहे की अंगणात.

महिन्याभरात पाच-दहा बार कमी होत असतील तर मी वहीत लिहून सोडून देतो. ६० नेमांच्या सामन्याला त्याने काही बिघडत नाही. दिवसाला पाच बार म्हणजे मात्र शोधायलाच हवं.

सिलेंडर गळत असेल तर

अर्ध्या वाटी पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक चमचा. फेस करायचा नाही, हलकेच ढवळायचं. लहान मुलांच्या रंगाचा ब्रश घ्या आणि आधी गेजच्या बुंध्याशी, मग वाल्व्हच्या तोंडाशी थेंब ठेवा. ठेवा म्हणतो आहे, चोपडू नका. मग उजेडात बसा आणि दहा मिनिटं नुसतं बघा. मोठी गळती लगेच फेसाळते, ती कुणालाही दिसते. बारीक गळती अशी दिसते की थेंबाच्या कडेला मोहरीच्या निम्म्याएवढा एक बुडबुडा येतो, थांबतो, अर्ध्या मिनिटाने त्याच्या शेजारी दुसरा. पंखा बंद ठेवा, नाहीतर थेंब वाळून जातो आणि तुम्ही "काही नाही" असं लिहून मोकळे होता.

बुडबुडा वाल्व्हच्या तोंडाशी असेल तर एक साधा उपाय करून बघता येतो. सिलेंडर रायफलला लावून, सोडवून, असं दोन-तीनदा करा. वाल्व्हच्या बैठकीवर, म्हणजे तो जिथे टेकून मिटतो तिथे, धुळीचा कण असेल तर हवेच्या झोताबरोबर उडून जातो. पावसाळ्यात हातपंपाने भरणाऱ्यांकडे हे जास्त दिसतं. पंप आपल्या दमट हवेतलं पाणीही आत ढकलतो. पंपाच्या तोंडाशी ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची नळी येते. ती असेल तर वापरा, आणि दाण्यांचा रंग बदलला की दाणे बदला.

बुडबुडा गेजच्या बुंध्याशी असेल तर हात जोडा आणि सिलेंडर विक्रेत्याकडे परत द्या. गेज घरी उघडायचा नाही. भरलेल्या सिलेंडरचा तर नाहीच नाही. याच वेळी सिलेंडरवर कोरलेली तारीखही बघून ठेवा. एअर रायफलच्या सिलेंडरला कंपनीने ठरवलेलं आयुष्य असतं, पुष्कळांचं दहा वर्षं, आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मुदतीतला सिलेंडर वापरणं ही नेमबाजाची स्वतःची जबाबदारी असते. नव्या रायफलबरोबर चार वर्षं गोदामात पडलेला सिलेंडर आला असेल, तर तुमची चार वर्षं आधीच गेली.

रायफल गळत असेल तर

सांधा आधी. बहुतेक वेळा गुन्हेगार इथेच असतो, आणि इथेच नवशिक्याला स्वतः काही करता येतं. सिलेंडर लावलेला असताना सांध्याभोवती ब्रशने एक ओली रेघ ओढा. पाणी वर चापाच्या यंत्रणेत जाऊ देऊ नका. रायफल आडवी, सांधा खाली. बुडबुडे आले तर तिथली ओ-रिंग. तिचं पुढे सविस्तर सांगतो.

सांधा कोरडा असेल तर नळीचं तोंड. रायफल रिकामी आहे हे पुन्हा बघा, बोल्ट बंद करा आणि नळीच्या तोंडावर वाढदिवसाचा साधा फुगा चढवून रबर बँड लावा. रायफल कपाटात ठेवून कुलूप लावा आणि वर चिठ्ठी चिकटवा, "फुगा आहे, चाप ओढू नये". सकाळी फुगा उभा राहिलेला दिसला तर हातोडीखालचा वाल्व्ह नीट बसत नाही. वर म्हटलेला अपवाद तो हाच. नव्या रायफलीत वाल्व्हच्या बैठकीवर कारखान्यातला धातूचा किंवा प्लॅस्टिकचा कण राहिलेला असू शकतो, किंवा बैठक अजून घासून मुरलेली नसते. फुगा काढा, रेंजवर जा, सिलेंडर चांगला भरलेला असताना पन्नासेक नेम मारा आणि पुन्हा फुगा लावा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा एवढ्यावर भागतं. दोनदा करूनही फुगा फुगत असेल तर तिसऱ्यांदा करण्यात अर्थ नाही.

ज्यांचा सिलेंडर सुटा निघत नाही, म्हणजे थेट रायफलमध्येच हवा भरायची असते, त्यांनी एक करून बघावं. पार रिकाम्या रायफलमध्ये हवा भरताना हातोडी वाल्व्हच्या दांडीवर टेकलेली असते आणि वाल्व्ह पूर्ण मिटत नाही. छर्रा न घालता बोल्ट मागे ओढून, हातोडी चढवून मग भरा. भरल्याबरोबर नळीतून सूं करत हवा गेली म्हणून रडवेले झालेले दोन वडील मी याच एका वाक्यावर घरी पाठवले आहेत.

काही रायफलींना रेग्युलेटरच्या बाजूला टाचणीएवढं भोक असतं. ते मुद्दामच ठेवलेलं असतं. तिथून बुडबुडे येत असतील तर आतली ओ-रिंग गेली. ते भोक मेणाने, एमसीलने, कशानेही बुजवू नका. एकाने बुजवलं होतं आणि वर रंगही दिला होता.

ओ-रिंग बदलणं

माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिली रायफल घेतली तेव्हा सांध्यात बुडबुडा दिसला. ओ-रिंगचा माणूस मी, विक्रेत्याला कशाला विचारायचं? कोपऱ्यावरच्या नळाच्या सामानाच्या दुकानातून काळी ओ-रिंग आणली, जुनी सुईने उचकटली, नवी बसवली. रात्रभर ठीक. सकाळी सिलेंडर पूर्ण रिकामा आणि ओ-रिंगचा एक तुकडा कुरतडल्यासारखा बाहेर आलेला. सुईने खाचेत केसासारखा ओरखडा पडला होता तो निराळाच. विक्रेत्याने भिंगातून ओरखडा बघितला आणि वॉरंटीचा कागद मला परत दिला. चूक माझीच होती, पण ज्या थंडपणे त्याने तो कागद परत दिला ते मी विसरलेलो नाही.

नळाची ओ-रिंग मऊ असते. तिथे दाब दोन-तीन बारचा. दोनशेला ती फटीत पिळून निघते. रायफलीच्या पुस्तकात आकार दिलेला असतो, आतला व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. शक्यतो कंपनीचीच मागवा. मिळत नसेल तर सियागंज-लोहामंडीकडे हायड्रॉलिक सील विकणाऱ्याला आकार सांगून "नायट्राइल, नव्वद शोअर" असं मागा; नायट्राइल हा रबराचा प्रकार आणि शोअर हे त्याच्या कडकपणाचं माप. सत्तर शोअरची दिली तर ती नखाने सहज दबते. नव्वदची दबायला जोर लागतो. जुनी ओ-रिंग मोजून आकार ठरवू नका, ती दबून चपटी झालेली असते.

सिलेंडर सोडवलेला, रायफल रिकामी, टेबलावर पांढरा कागद. जुनी ओ-रिंग लाकडी टूथपिकने एका बाजूला ढकलून उचला. सुई नाही, चिमटा नाही. मग खाच पुसा, पण कापसाच्या काडीने नाही. कापसाचा एक तंतू खाचेत राहिला की तो हवेला वाट करून देतो, आणि तुम्ही तीन दिवस नवी ओ-रिंग खराब निघाली म्हणून दुकानदाराला शिव्या देता. चष्मा पुसायचं कापड टूथपिकला गुंडाळा आणि एक फेरी मारा. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून भिंगातून खाच पूर्ण गोल बघा. नवी ओ-रिंग बोटांत फिरवून तिच्यावरही कुठे कापलेलं नाही ना ते बघा. सिलिकॉन ग्रीस करंगळीवर काजळ घ्यावं तेवढं, ओ-रिंग नुसती चकचकीत दिसेल इतकंच. ती खाचेत बसवताना पीळ पडू देऊ नका. एक बाजू आधी, मग दोन्ही अंगांनी दाबत दुसरी.

सिलेंडर हाताने, सरळ, आटे न चढवता फिरवा. पूर्ण बसला की थांबा. जोर लावून आवळल्याने गळती थांबत नाही. इथे हवा अडवते ती ओ-रिंग. तुमच्या मनगटाचा तिथे काही उपयोग नाही.

मग पुन्हा वही, पुन्हा सात दिवस.

न दिसणारी गळती

एक प्रकार असा आहे की वजन तेवढंच, बुडबुडा कुठेच नाही, फुगा लोळागोळा, आणि तरी मुलगा म्हणतो, रायफल बिघडली आहे. बघा की रोजचा पहिला नेम बाकीच्यांहून वेगळा पडतो का. तसं असेल तर हवा बाहेर जात नाही, आतल्या आत सरकते आहे. रेग्युलेटरची बैठक नीट मिटत नाही आणि रात्रभरात कमी दाबाच्या बाजूला जास्तीचा दाब चढून बसतो. पहिला नेम त्या वेगळ्या दाबावर जातो, पुढचे ठीक. ४.५ च्या छऱ्याला अर्ध्या मिलिमीटरच्या दहाच्या ठिपक्यावर नेणाऱ्या खेळात हे दिसतंच. हे घरचं काम नाही, माझंही नाही. रेग्युलेटर कंपनीकडेच गेला पाहिजे.

परत पाठवताना

सिलेंडर पूर्ण रिकामा करून. भरलेला सिलेंडर कुरियरने किंवा विमानाने पाठवायचा नाही; रिकामा आहे हे चिठ्ठीवर लिहा. रायफल मूळ पेटीतच, बिल आणि वॉरंटीच्या कागदाची प्रत आत. आणि वहीतल्या सात दिवसांच्या पानाची झेरॉक्स. "लीक होते" एवढंच लिहून पाठवलं तर कारागीर भरून बघतो, तासाभरात काही दिसत नाही, आणि तीच रायफल तशीच परत येते. "सिलेंडर सुटा ठेवून सात दिवसांत १.१ ग्रॅम घट, गेजच्या बुंध्याशी अर्ध्या मिनिटाला एक बुडबुडा" असं लिहिलं तर त्याला बुंध्याशीच बघावं लागतं.

हे वाक्य फोनवरच्या त्या मुलीच्याच चिठ्ठीतलं आहे. पहिल्या रात्रीचे बारा बार थंडीचे होते, हे तिला तिच्याच वहीने सांगितलं आणि तिची आई शांत झाली. पुढच्या आठवड्यात सराफ्यात मात्र ते १.१ ग्रॅम निघाले, म्हणजे आठवड्याला पाच बार. हे माझ्या सोडून देण्याच्या हद्दीच्या वर होतं, आणि बुडबुडाही गेजच्या बुंध्याशी होता, म्हणून सिलेंडर पाठवायला लावला. तीन आठवड्यांनी नवा आला. तिने तो रायफलला लावला नाही; आधी वही घेतली, स्कूटीवर आईच्या मागे बसली आणि शेटजींकडे गेली.